३०० खाटांच्या रुग्णालयाचं वीजबिल: सोलरच्या आधी काय पाहायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. पश्चिम महाराष्ट्रात एका ट्रस्टचं ३०० खाटांचं रुग्णालय आहे. महावितरणची उच्चदाब जोडणी, करार मागणी (महावितरणशी ठरलेला कमाल भार) ६०० केव्हीए, महिन्याला सरासरी १ लाख ८० हजार युनिट आणि बिल २३ ते २४ लाख रुपये. १५० टनांचे दोन वॉटर-कूल्ड चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं), दोन्ही १४ वर्षांचे. सोलरवाला सांगतो, बिल निम्मं करून देतो. चिलर कंपनी नवा चिलर घ्या म्हणते. तिसऱ्या एकाला मुख्य पॅनलवर ‘पॉवर सेव्हर’ बसवायचा आहे. विश्वस्तांनी यंदा एक कोटीची तरतूद केली आहे आणि ती कुठे खर्च करावी, असं सचिवांनी विचारलं आहे.

पॉवर सेव्हरवाल्याला चहा पाजून निरोप द्या. त्या डब्यात बहुतेक वेळा कॅपॅसिटर असतो, आणि तुमच्या सबस्टेशनमध्ये कॅपॅसिटरचं स्वयंचलित पॅनल आधीच असणार. ते नीट चालतंय का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे; त्याकडे पुढे येतो.

सोलरचं गणित कागदावर पाच मिनिटांत होतं. तुमचा वर्षाचा वापर २१ लाख ६० हजार युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट सोलर वर्षाला ढोबळमानाने १,४०० युनिट देतं आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टच्या खोल्या आणि कूलिंग टॉवर वगळता तुमच्या गच्चीवर २० हजार चौरस फूट मोकळी जागा आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे २०० किलोवॅट, म्हणजे २ लाख ८० हजार युनिट, म्हणजे एकूण वापराच्या १३ टक्के. निम्मं भागवायचं तर ७७० किलोवॅट बसवावं लागेल. तेवढी गच्ची तुमच्याकडे नाही, शिवाय नेट मीटरिंगवर (जादा सौर वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करायची सोय) करार मागणीपेक्षा मोठी यंत्रणा बसवता येत नाही. ‘निम्मं’ हा आकडा विक्रेत्याने कुठून आणला ते त्यालाच विचारा.

याचा अर्थ सोलर नको असा नाही. आजच्या भावाने ते साधारण चार वर्षांत पैसे परत देतं आणि पुढे वीस वर्षं चालतं. इतकी चांगली गुंतवणूक ट्रस्टला दुसरीकडे सहज मिळणार नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. सोलरमुळे तुमचा वापर कमी होत नाही, वापरातल्या काही युनिटांचा पुरवठादार बदलतो. वाया जाणारं युनिट गच्चीवर तयार झालं तरी वायाच जातं. म्हणून आधी भार उतरवायचा, मग यंत्रांची मापं ठरवायची, आणि त्यानंतर किंवा स्वतंत्र निधीतून सोलर.

पहिलं काम बिल वाचण्याचं. लेखापाल फक्त शेवटची रक्कम पाहतात, आणि इलेक्ट्रिशियनपर्यंत बिल पोहोचतच नाही. दोघांना एका टेबलावर बसवा. सगळ्यात वर दरवर्ग पाहा. ट्रस्टचं रुग्णालय ‘सार्वजनिक सेवा – इतर’ या वर्गात बसायला हवं. जुन्या जोडणीवर किंवा नंतर बांधलेल्या विंगच्या वेगळ्या मीटरवर अजून ‘वाणिज्यिक’ लिहिलेलं असेल तर लगेच अर्ज करा. विद्युत शुल्काच्या माफीचा विषय विश्वस्तांच्या बैठकीत दरवर्षी निघतो, पण त्यात आता फारसा दम नाही. २०१६ च्या कायद्यानंतर धर्मादाय शिक्षणसंस्थांना ती माफी लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. रुग्णालयासाठी वकिलांना एकदा विचारून तो विषय संपवा.

मग पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते त्याचं प्रमाण; १ म्हणजे उत्तम. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे युनिट भागिले पॉवर फॅक्टर या आकड्यावर, बिल येतं. पूर्वी चांगल्या पॉवर फॅक्टरला सवलत आणि वाईटाला दंड अशा वेगळ्या ओळी असायच्या, त्यामुळे तोटा डोळ्यांना दिसायचा. आता तो युनिटांतच मिसळला आहे आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या बिलांवर सरासरी ०.९५ दिसतो. १ लाख ८० हजार युनिटांना ०.९५ ने भागलं तर १ लाख ८९ हजारांच्या वर केव्हीएएच होतात, ०.९९ ने भागलं तर १ लाख ८२ हजारांच्या आत. साडेसात हजारांहून जास्त फरक, दर दहा रुपये धरला तरी महिन्याला पाऊण लाख. पॉवर फॅक्टर कॅपॅसिटर सुधारतात, म्हणून त्यांचं पॅनल उघडून प्रत्येक बँकेचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. दोन-तीन बँका फुगून बाद झालेल्या सापडण्याची शक्यता मोठी आहे. आणि बिलावर ‘लॅग’ शेजारी ‘लीड’चा आकडाही असतो, तो पाहा. रात्री भार उतरल्यावर कायमस्वरूपी जोडलेले कॅपॅसिटर पॉवर फॅक्टर उलट्या दिशेला नेतात आणि त्याचेही केव्हीएएच तुमच्याच नावावर चढतात. कॅपॅसिटर वाढवून प्रश्न सुटेल असं समजणाऱ्यांना हा उलटा फटका बसतो.

करार मागणी ६०० आणि वर्षातला उच्चांक मे महिन्यात ४६५, म्हणून ती लगेच कमी करून घ्यावी असं सल्लागाराने सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. थोडं थांबा. बिलातली मागणी तीन आकड्यांतून ठरते: त्या महिन्याची मोजलेली, मागच्या अकरा महिन्यांतल्या उच्चांकाशी बांधलेली आणि करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांची. तो टक्का ७५ धरला तर ४५० होतात. तुम्ही उन्हाळ्यात त्याच्या वरच असता, म्हणजे फायदा फक्त थंडीच्या महिन्यांपुरता. उलट करार मागणी ओलांडली तर वरच्या केव्हीएला दीडपट दर लागतो, आणि सोलरची कमाल मर्यादाही करार मागणीबरोबर खाली येते. बाकीची कामं होऊन एक उन्हाळा जाऊ द्या, मग अर्ज करा.

आता खऱ्या मुद्द्याकडे. माझ्या मते रुग्णालयाचं सगळ्यात बोलकं मोजमाप म्हणजे मध्यरात्री ते पहाटे पाचचा भार. ओपीडी बंद, ऑफिस बंद, कँटीन बंद, बाहेर हवा गार. तरीही बहुतेक रुग्णालयांत रात्रीचा भार दिवसाच्या निम्म्याच्या खाली जात नाही. यासाठी कोणाला जागरण करायची गरज नाही. महावितरणच्या मीटरमध्ये दर १५ किंवा ३० मिनिटांच्या भाराची नोंद साठलेली असते. उपविभागात अर्ज केला की ती मिळते. तिकडे त्याला एमआरआय रिपोर्ट म्हणतात, तेव्हा शिपायाला कुठे पाठवताय ते नीट सांगा, नाहीतर तो रेडिओलॉजीत जाऊन बसेल.

त्या नोंदीवरून रात्रीचा आकडा काढा आणि वायरमनला घेऊन एका रात्री फेरी मारा. आयसीयू, रक्तपेढीचे फ्रीज, ऑक्सिजन आणि व्हॅक्यूमची यंत्रं, सर्व्हर, व्हेंटिलेटर यांची बेरीज करा. एमआरआय स्कॅनरचा हेलियम थंड ठेवणारा कॉम्प्रेसर आणि त्याचा छोटा चिलर २४ तास चालतो, त्याला कोणीही हात लावायचा नाही. या बेरजेच्या वर जे उरेल त्याचा जाब विचारायचा. तिथे काय सापडतं ते जवळपास ठरलेलं आहे: ओपीडीच्या मजल्याचं एएचयू (थंड हवा खेळवणारं यंत्र), प्रेक्षागृहाचं एसी, सांडपाणी प्रकल्पाचे दोन्ही ब्लोअर, टाकी भरून वाहत असताना चालू राहिलेला पंप, २० टक्के भारावर धापा टाकणारे दोन समांतर यूपीएस. हिशेब सोपा ठेवा: रात्री दहा तास फुकट चालणारा एक किलोवॅट वर्षाला ३,६५० युनिट खातो, म्हणजे सुमारे ३६ हजार रुपये. ३० किलोवॅट सापडले तर अकरा लाख. आणि ते बंद करायला टायमर, फ्लोट स्विच आणि एक जबाबदार माणूस एवढंच लागतं.

शस्त्रक्रियागृहांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे पैसाही मोठा आहे आणि चूक झाली तर जीवही जाऊ शकतो. तासाला २० वेळा हवा बदलायची, त्यातली किमान चार वेळा बाहेरची ताजी हवा, हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारे) फिल्टर आणि बाहेरच्यापेक्षा आत किंचित जास्त दाब, अशी व्यवस्था संसर्ग टाळण्यासाठी असते. बिल कमी करायच्या उत्साहात रात्री एएचयू पूर्ण बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. दाब गेला की कॉरिडॉरची हवा आत शिरते, आणि सकाळी थंड डक्टमध्ये दमट हवा घुसून पाणी सुटतं, बुरशी धरते. योग्य मार्ग म्हणजे पंख्याच्या मोटारीला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून, खोली रिकामी असताना वेग उतरवायचा आणि दाब तेवढा राखायचा. पंख्याची वीज वेगाच्या घनात बदलते. वेग ६० टक्के केला तर कागदावर वीज २२ टक्क्यांवर येते, प्रत्यक्षात पाव धरा. चार थिएटर, प्रत्येकी पाच किलोवॅट, रात्रीचे बारा तास: वर्षाला ६५ हजार युनिट वाचतात, आणि तेवढी हवा थंड व कोरडी करायची वीज वेगळी. आणीबाणीची केस आली की सिस्टरनी दाराजवळचं एक बटण दाबायचं, पंखा पूर्ण वेगावर आला पाहिजे. ते बटण कुठे असावं हे मेट्रनबाईंना विचारून ठरवा. संसर्ग नियंत्रण समितीची लेखी संमती घेतल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका, आणि दाबाचं मीटर बसवून रोज नोंद ठेवा.

वॉर्ड, ऑफिस आणि प्रतीक्षागृहात मात्र हात सैल सोडा. तिथे २४-२५ अंश आणि पंखा, एवढं पुरतं. एक अंश वर नेला की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ वर ठरवून येतात. सत्तर वॅटचे जुने पंखे बदलून कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे बसवा. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचतात. चारशे पंखे, दिवसाला चौदा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ७५ हजार युनिट. पैसे दीड-दोन वर्षांत वसूल. ट्यूबलाइट अजून कुठे जुन्या असतील तर एलईडी करा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

गरम पाण्याकडे कोणी बघत नाही. वॉर्ड, नर्सिंग हॉस्टेल आणि स्वयंपाकघर मिळून दिवसाला दहा हजार लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायचं, तर गीझरने रोज साधारण ३५० युनिट जातात. हीट पंप (हवेतली उष्णता खेचून पाण्याला देणारं यंत्र) तेच काम एक तृतीयांशात करतो. वर्षाला ८५ हजार युनिट वाचतात. गच्चीवर सौर बंब आधीपासून असतील तर आधी त्यांच्या नळ्यांतले क्षार काढा. कडक पाण्याच्या गावात निम्मे बंब नुसते शोभेचे उभे असतात.

आता चिलर. वय १४ वर्षं हे बदलण्याचं कारण होत नाही. मोजल्याशिवाय या विषयावर बोलायला बंदी घाला, अगदी विश्वस्तांनाही. पाइपवर बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर भाड्याने मिळतो. थंड पाण्याचा प्रवाह घनमीटर प्रति तास, गुणिले येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, भागिले ३.०२४, म्हणजे टन, थंडाव्याचं माप. समजा प्रवाह ७० आणि फरक ३.२ अंश मिळाला: ७४ टन. कॉम्प्रेसर तेव्हा ७८ किलोवॅट घेत असेल तर टनाला १.०५ किलोवॅट. चांगला वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर ०.६५ ते ०.७ च्या आसपास चालतो. म्हणजे मशीन खराब? कदाचित नाही. १५० टनांचं मशीन निम्म्या भारावर का चालतंय? कारण ‘सुरक्षित’ म्हणून दोन्ही एकदम चालू ठेवायची ऑपरेटरची सवय. तापमानातला फरक साडेपाचऐवजी तीनच का? कारण एएचयूचे व्हॉल्व्ह उघडे अडकलेत आणि पाणी काम न करताच परत येतंय. कंडेन्सरचं (चिलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचं) तापमान वर का? नळ्यांत बोअरवेलच्या पाण्याचा थर. कंडेन्सर एक अंश तापला की दोन-तीन टक्के वीज वाढते. नळ्या ब्रशने साफ करून, कूलिंग टॉवरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) सांभाळून आणि एका वेळी एकच मशीन चालवून टनामागे ०.२ किलोवॅट खाली आलं, तरी सरासरी ७५ टन आणि वर्षाचे सहा हजार तास धरून ९० हजार युनिट होतात.

ऑपरेटरच्या लॉगबुकावर मात्र विसंबू नका. एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे पाणी बरोबर सात अंशच, आणि महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या, असं लॉगबुक जवळपास प्रत्येक प्लँटरूममध्ये असतं. दोष त्या माणसाचा नाही. त्या वहीकडे कधी कोणी पाहिलंच नाही.

थिएटरची हवा, पंखे, गरम पाणी आणि चिलरची डागडुजी ही चार कामं मिळून वर्षाला तीन लाख युनिटांच्या वर जातात. गच्चीभर सोलर जेवढं देईल त्यापेक्षा हे जास्त आहे, आणि खर्च त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय भार उतरला की नवा चिलर घ्यायची वेळ आलीच तर तो लहान घ्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये २००९ च्या सुमारास हेच केलं गेलं. १९३१ ची इमारत. त्यांनी ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढून, इमारतीतच एका मजल्यावर त्या नव्याने घडवल्या, रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक बसवले, दिवे सुधारले. थंडाव्याची गरज इतकी उतरली की चिलर बदलायचा बेत रद्द करून जुन्यांचीच दुरुस्ती पुरली. आपल्याकडे खिडक्यांची जागा गच्चीवरचा पांढरा परावर्तक थर आणि पश्चिमेच्या काचांवरची बाहेरची सावली घेते. वरच्या मजल्याच्या वॉर्डात त्याचा फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळतो.

वेळेच्या दराबद्दल एक सावधगिरी. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त म्हणून पंप, लाँड्री सगळं रात्री चालवायला सांगायचो. वारं आता फिरलंय. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या सौर तासांत दर कमी आणि संध्याकाळी जास्त ही दिशा ठरवली, आणि राज्यातले टप्पेही बदलत गेले आहेत. ताज्या बिलावरचे टप्पे पाहून लाँड्री, निर्जंतुकीकरण, हीट पंप आणि पाणी चढवणं दुपारकडे सरकवा. पुढे सोलर आलं तरी हेच वेळापत्रक उपयोगी पडेल.

पैशांचं म्हणाल तर एक कोटीतले पंधरा-वीस लाख मोजमापासाठी आणि किरकोळ दुरुस्त्यांसाठी बाजूला काढा: प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून ऑडिट, आणि एसी प्लँट, थिएटर, लाँड्री, हॉस्टेल, पाणीपुरवठा यांना वेगळे मीटर. पुण्याच्या महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था) कार्यालयात ऑडिटसाठी सध्या काही साहाय्य आहे का ते विचारा. व्हीएफडी, पंखे, हीट पंप आणि गच्चीचा थर यांना तीसेक लाख. उरलेल्यातून सोलरचा पहिला टप्पा होईल. किंवा तो दुसऱ्याच्या गुंतवणुकीतून युनिटमागे ठरलेल्या दराने घ्या. पण त्या करारात वीज वापरली नाही तरी पैसे द्यायचं कलम, गच्ची गळाली तर जबाबदारी कोणाची आणि मध्येच मालकी घ्यायची तर किंमत काय, हे तिन्ही मुद्दे वकिलाकडून वाचून घ्या. गच्ची पुरत नसेल तर २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांमुळे १०० किलोवॅटच्या वरच्या ग्राहकाला बाहेरच्या प्रकल्पाची सौर वीजही घेता येते. तो पुढच्या वर्षाचा विषय ठेवा.

बचत रुपयांत मोजू नका. दर वाढले की रुपयांतली बचत दिसेनाशी होते आणि विश्वस्त म्हणतात, काही उपयोग झाला नाही. भरलेल्या खाटेमागे रोजचे युनिट काढा आणि या मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशीच करा. आकडा दर महिन्याला विभागप्रमुखांच्या बैठकीत वाचला जाऊ द्या.

चिलरची चाचणी एप्रिल-मे मध्येच घ्या, कारण पूर्ण भार तेव्हाच येतो. पावसाळ्यात मोजलेल्या आकड्यावर लाखोंची खरेदी ठरवता येत नाही. यंदाचा मे हुकला असेल तर ऑक्टोबर हीटचे दोन आठवडे हाताशी आहेत. त्याच्या आधी, सप्टेंबरमध्ये, कंडेन्सरच्या नळ्या साफ करून घ्या आणि साफ करण्यापूर्वीचं एक वाचन जपून ठेवा. दोन्ही वाचनं समोर असतील तर चिलर कंपनीशी बोलताना तुमच्याकडे तिच्या माहितीपत्रकाव्यतिरिक्त काहीतरी असेल.